लाल की हिरवं

कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. गेमची चित्रं पडद्यावर उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरून होणारी भांडणं ऐकून ऐकून बावीस वर्षांत त्याचा जीव विटला होता. कार्डं बनवणाऱ्या कंपन्या दोन, एक लाल, एक हिरवी; लालवाले हिरव्यांना नावं ठेवणार, हिरवे लालांना; गेम राहिले बाजूलाच. मास्तरला कोणी विचारलंच, तर मान वर न करता म्हणे, "तुम्ही आणा, मी बसवतो."

त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी त्याने थोरल्या भावाला लाल कार्ड घ्यायला लावलं आणि आठ महिन्यांत ते जळालं. "कमिशन खाल्लंस," एवढं म्हणून दादाने बोलणंच टाकलं. सख्खे भाऊ, आणि एका कार्डापायी तोंडं फिरवून बसले!

आज वहिनी दादाचा तोच कॉम्प्युटर मूल कडेवर घ्यावं तसा घेऊन आली आणि तिने तो टेबलावर आदळला.

"भाऊजी, रिटायर झाल्यापासून ह्यांना गाड्यांच्या शर्यती खेळायच्यात. दोन महिने घरात लाल की हिरवं, लाल की हिरवं! कान किटले माझे. शेवटी म्हणाले, त्यालाच विचार."

"मलाच?"

"हो. आणि ह्या वेळी चुकलात, तर मी मध्ये पडणार नाही."

उत्तर लांबवायचं म्हणून मास्तरने झाकण उघडलं, धूळ झटकली, आणि त्याचा हात थांबला. तळाशी वीज पुरवणारा डबा, पॉवर सप्लाय, जुनाच होता, कार्डाला लागते त्याच्या निम्म्या ताकदीचा. दादाचा खर्च वाचावा म्हणून तेव्हा त्यानेच तो बदलला नव्हता. मग कार्ड जळेल नाही तर काय होईल?

गुपचूप नवा बसवला असता, तर कोणाला कळलं नसतं. पण गप्प राहण्याचाही आता कंटाळा आला होता. त्याने फोन लावला.

"दादा, ते कार्ड वाईट नव्हतं. पॉवर सप्लाय कमी पडला. मीच बदलला नव्हता."

पलीकडे दादाने टीव्ही बंद केला.

"म्हणजे कमिशन खाल्लं नव्हतंस?"

"नाही. शेण खाल्लं होतं."

"ते तू लहानपणापासून खातोस." दादाने घसा खाकरला. "बरं, आता कुठलं घेऊ?"

"कुठलंही घे, दोन्ही चालतील."

"टाळू नकोस. एक सांग."

मास्तरने डोळे चोळले. "हिरवं."

"मी लाल म्हणत होतो," दादा म्हणाला, आणि अर्धा तास भांडत राहिला. मास्तर थकून खुर्चीत टेकला. फोन मात्र त्याने कानापासून हलवला नाही.