नवमीला उघडलेली मोटार

चहा निवायच्या आत सांगतो. मी एकदा एका सज्जन माणसाची नवीकोरी मोटार सुटी करून त्याच्याच म्हाताऱ्या आईपुढं मांडलीय. हसू नका, आधी ऐका तरी.

मी तेव्हा बेळगावात, कॅम्पातल्या एका मोटारींच्या दुकानात नवा लागलेलो. काम एवढंच, गिऱ्हाईक आलं की देखभालीचे प्रकार समजावून सांगायचे. पहिला धुणं-पुसणं, दुसरा तेलपाणी, तिसरा म्हणजे इंजिन पूर्ण उघडून साफसफाई. मालकांनी बजावलेलं, "दसऱ्याच्या आत एक तरी तिसरा खपवा, तर नोकरी कायम. नाहीतर घरी बसा."

अष्टमीला सकाळी निपाणीचे भूपालअण्णा आले. तंबाखूचे व्यापारी. मोटार घेऊन दोनच महिने झालेले.

"नुसती धुऊन द्या. उद्या घरात पूजा हाय. अव्वा आजून गाडीत बसलीच न्हाय. म्हणती, पुजल्याबिगर पाय ठेवणार न्हाय."

धुऊन दिली असती तर संपलं होतं की हो. पण माझी जीभ कुठली गप्प बसतेय?

"अण्णा, अंगाला साबण लावून पोटातली घाण जाते व्हय? पूजेला उभी करायची, तर आतून नको स्वच्छ?"

"दोन महिन्यांत आत कसली घाण हो?"

"तंबाखूची धूळ. आत जाऊन बसते, कुणाला दिसते?" खरं सांगतो, मलाही कधी दिसलेली नव्हती.

अण्णा विचारात पडले. "उद्या सकाळी मिळंल न्हवं? मग अव्वालाच हितं आणतो, पूजा हितंच करून गाडीतनं घरी न्हेतो."

"सूर्य उगवायला तयार."

परशू मिस्त्रीनं दिवसभर खपून इंजिन उघडलं, एकेक भाग रॉकेलात धुऊन पोत्यावर मांडला. दिवेलागणीला मात्र पाने, हातोडे पुसून देवीच्या तसबिरीपुढं ठेवले.

"मिस्त्री, जोडायचं कधी?"

"परवा. खंडेनवमीला हत्यार उचलत न्हाईत, म्हाईत न्हाय व्हय तुम्हाला?"

माहीत नसायला काय झालं? मास्तरांचा पोरगा मी. आमच्या घरी त्या दिवशी पुस्तकं पाटावर, म्हणून अभ्यासाला सुट्टी. त्या सुट्टीची मी वर्षभर वाट बघायचो. पण पुस्तकांचा नियम पान्यांनाही लागतो, हे काही डोक्यात शिरलं नाही. मिस्त्रीच्या हातापाया पडलो.

"कबूल करताना मला इचारलासा व्हय?" म्हणून तो घरी गेला.

सकाळी अण्णा आले. हातात हार, नारळ, लिंबं. मागं काठी टेकत त्यांची आई, अव्वा, नवं इरकल लुगडं नेसून. समोर गाडीचा सांगाडा, आणि आतडी पोत्यावर. अण्णा हार घालायला जागा शोधू लागले. मालक माझ्याकडं बघत होते, आणि मला माझी नोकरीही त्या पोत्यावरच पडलेली दिसत होती.

मी सुरुवात केली, "अव्वा, त्याचं असं झालं की..."

अव्वानं ऐकलंच नाही. वाकून एकेका भागाला हळदकुंकू लावलं, मग पान्यांना, मग हातोड्याला.

"सगळ्यांची हत्यारं पुजली न्हवं?"

"एक राहिलं, अव्वा," मिस्त्री म्हणाला. "ह्या सायबांचं. ते तोंडात हाय."

अव्वानं कुंकवाचं बोट माझ्या ओठाखाली टेकवलं. "मग त्येबी उद्यापतूर चालवू नगंस, लेकरा."

म्हातारीचा शब्द मोडणार कसा? दिवसभर गप्प बसलो. दुपारी खानापूरचे एक लाकडाचे ठेकेदार प्रसादाला आले आणि देखभालीचं विचारू लागले. मी नुसतं तिन्ही प्रकार लिहिलेल्या भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि तिसरा प्रकार ठरवून गेले.

अण्णा आणि अव्वा पाव्हण्यांकडं राहिले. दसऱ्याला दुपारी गाडी जोडून झाली. पूजा झालेलीच होती, त्यामुळं अव्वा दुकानाच्या दारातच आत चढून बसली.

आणि मालकांनी मला कायम केलं, बरं का. अट एकच घातली, गिऱ्हाईक असताना तोंड उघडायचं नाही.