पाटोद्याच्या सभेत मंदा बोलली

पाटोद्याला आमची सभा होती त्या दिवशी सकाळपासून लाइट गेलेली. हॉलमध्ये सतरंज्या टाकून, खुर्च्या मांडून आम्ही तिघं दारातच उभे होतो... मी, डॉ. शेटे आणि रेहाना.

गावोगाव नुकतेच एसटीडी बूथ लागत होते, तेव्हाची ही गोष्ट. डॉ. शेटे मनोविकारतज्ज्ञ, तिथल्याच एका किराणा दुकानदाराचे चिरंजीव. रेहाना स्पीच थेरपिस्ट, मी समुपदेशक. लोक आमच्या क्लिनिकला सरळ 'येड्यांचा दवाखाना' म्हणायचे.

आम्हाला शिकवणारं, चुकलं तर सांगणारं जवळपास कुणीच नव्हतं. म्हणून दर रविवारी दुपारी क्लिनिकच्या मागच्या खोलीत बसून आम्ही एकमेकांच्या केसेसवर बोलायचो. रेहाना पुण्याहून लेखांच्या झेरॉक्स आणायची... डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचो. भांडायचोही खूप.

त्या रविवारांतूनच मागणी पुढे आली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी मनोविकाराची ओपीडी हवी. आणि ऊसतोडीला गेलेल्या पेशंटला तिकडे, कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळायला हव्यात. सभा त्यासाठी होती.

तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांना बोलावलं होतं. मोजकेच आले. आरोग्य खात्याचे साहेब आले, तेही उशिरा...

आमच्या पेशंटपैकी एकजण बोलायला तयार झाली होती. मंदा. तिशीच्या आतली, नवरा बापूबरोबर दरवर्षी तोडीला जाणारी. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला कुणीतरी हाका मारतंय असं ऐकू यायला लागलं, ती रानोमाळ पळत सुटायची. बापूने तिला आमच्याकडे आणलं. वर्षभरात ती इतकी सुधारली की क्लिनिकमध्ये नवीन आलेल्या बायकांना धीर द्यायला लागली.

सभेत ती उभी राहिली. पदर डोक्यावर, आवाज स्वच्छ.

"सायेब, मला घरात खांबाला बांधून ठेवलतं. गोळ्या सुरू झाल्या तवा कुठं मी माझी लेकरं वळकली. आता तोडीला गेल्यावर गोळ्या संपल्या तर मी कुठं जाऊ?"

मला वाटलं, झालं... आता कुणी नाही म्हणू शकणार नाही.

साहेब हसले. "बाई तर ठणठणीत दिसतायत! मग ओपीडी कशाला पाहिजे, डॉक्टर?" पुढच्या रांगेतले दोघंतिघंही हसले.

मंदा तशीच उभी. डॉ. शेटे काहीतरी बोलायला गेले, पण साहेब म्हणाले, प्रस्ताव वर पाठवतो. मग चहा आला... सभा संपली.

ती बरी झाली होती, हाच तिच्या विरोधातला पुरावा ठरला. 

प्रस्तावाचं पुढे काहीच झालं नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मी मंदाला म्हटलं, यंदा जाऊ नकोस. ती म्हणाली, "म्याडम, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. मी न्हाई गेले तर मुकादम यांनाबी नेणार न्हाई." डॉक्टरांनी सगळ्या हंगामाच्या गोळ्या बांधून दिल्या.

ऐन हंगामात अवकाळी पाऊस झाला. बापूचा फोन आला, तिकडच्या बूथवरून. त्यांच्या पालाच्या झोपडीत पाणी शिरलं होतं, गोळ्यांचा लगदा झाला होता. "हितल्या दवाखान्यात म्हणत्यात, असल्या गोळ्या आमी ठेवीत न्हाई. मेडिकलवाला चिठ्ठी मागतोय."

डॉक्टरांनी त्याच दिवशी एसटीच्या पार्सलमध्ये गोळ्या आणि चिठ्ठी टाकली. गाड्या बदलत ते पार्सल कुठे अडकलं, कोण जाणे...

पार्सल पोचायच्या आधी बापूचा दुसरा फोन आला.

"म्याडम, मंदी तोंड धुवायला गेलती ती आलीच न्हाई. सगळे उसाचे फड पालथे घातले."

बापूने पोलिसांत कळवलं, स्टॅण्डं पाहिली, देवस्थानं पाहिली. डॉक्टर स्वतः दोनदा जाऊन आले. मंदा आजतागायत सापडलेली नाही.

त्यानंतर रविवारी आम्ही बसायचो, पण केसवर कुणी बोलेना. रेहानाला पुण्यात नोकरी मिळाली. जाऊ नकोस म्हणायला आमच्याकडे काही कारण नव्हतं. झेरॉक्स थांबल्या... मग रविवारही.

गेल्या महिन्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराची ओपीडी सुरू झाली. फीत कापली, भाषणं झाली. डॉ. शेटे आता थकलेत, ते आले नाहीत. मी मागे उभी होते.

गर्दीत बापू दिसला. केस पांढरे झालेले. बाजाराला आला होता, मांडव बघून आत शिरला म्हणे.

"म्याडम, हितं आता त्या गोळ्या भेटत्यात?"

"भेटतात."

"अन् तोडीवर गेल्यावर?"

"तिकडच्याही सरकारी दवाखान्यात मिळतील, असं म्हणतात."

"बरं झालं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला... आणि पिशवी उचलून बाजाराच्या गर्दीत निघून गेला.

ही मागणी पहिल्यांदा आम्ही केली होती, म्हणून लोक माझं अभिनंदन करत होते. माझ्याने एकालाही थँक्यू म्हणवलं नाही. आभार मानायचेच तर त्या माणसाचे मानायला हवेत... इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही, की तेव्हा का नाही झालं हे.