सेतूवरून परत कोण आलं?

बोरगावच्या सवालेबुवांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं?" तर हे विचारणार, "बस कुठं जाऊन राहिली?" सौंसरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं?" तर हे म्हणणार, "तुमाले कुठंच नाही दुखत का, डॉक्टरसाहेब?" त्यांची बायको मात्र या सगळ्याला पुरून उरली होती. ती विचारतच नसे. ताट वाढायची आणि म्हणायची, "भाकर थंडी होऊन राहिली." यात सवाल नव्हता, त्यामुळे बुवांना निमूट जेवावं लागे.

हा आडमुठेपणा नव्हता, कलेची सवय होती. बुवा खडी गंमत करणारे शाहीर. खडी गंमत म्हणजे आमच्याकडचा उभ्यानं करायचा तमाशा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईत भर दुपारी दोन पक्ष डफ घेऊन समोरासमोर उभे राहतात. एक कलगीवाल्यांचा, एक तुरेवाल्यांचा. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. विचारणारा वरचढ, उत्तर देणारा खालचा. उभी हयात अशी काढलेल्या माणसाला कंडक्टरसमोर खाली पडणं कसं परवडेल?

मी तेव्हा सौंसरच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. ऐंशी सालानंतरचे दिवस. नागपूरच्या एका साप्ताहिकानं मला कलावंतांच्या मुलाखतींचं सदर दिलं होतं, आणि त्या आनंदात मी मेहुण्याचा टेपरेकॉर्डर जवळजवळ जप्तच केला होता. पांढुर्ण्याचे एक नट मी आधीच गाठले होते. ते नाटकात राजा व्हायचे आणि घरीही उतरायचे नाहीत. त्यांनी मुलाखत उभ्यानं दिली, मला मात्र बसू दिलं नाही. त्यामानानं बुवा सोपे जातील असं मला वाटलं होतं.

ते संत्र्याच्या बागेत कलमं बांधत होते. पोटापाण्याचा धंदा तो. दातांत दोरी, हातात चाकू. मी बटण दाबलं आणि घसा साफ करून विचारलं, "बुवा, कलेची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?"

त्यांनी दोरी दातांतून काढली. "तुमाले भूक कुठून मिळते, सर?"

"गुरू कोण तुमचे?"

"तुमाले चालणं कोनं शिकवलं?"

संध्याकाळी घरी येऊन टेप लावली, तर मुलाखत माझीच झाली होती. मला गाता का येत नाही, सासुरवाडीला मी का जात नाही, नाटकात काम करायचं सोडून मी मास्तर का झालो, सगळं माझ्याच आवाजात भरलेलं. बायको शेजारी बसून ऐकत होती. सासुरवाडीचा भाग तिनं दोनदा ऐकला.

पण मी चिकट. जात राहिलो. आणि एका भेटीत कळलं की या सवालवाल्याच्या डोक्यावरही एक सवाल लटकत होता.

लोधीखेड्याचे तात्या हे कलगीवाल्यांचे शाहीर. बुवांच्याच वयाचे, उंच, करड्या मिशांचे. आदल्या मंडईत त्यांनी डफावर थाप मारून विचारलं होतं: रामानं समुद्रावर सेतू बांधला, सगळे त्यावरून लंकेला गेले. येताना राम विमानानं आला. सीता, लक्ष्मण, वानर, सगळेच विमानात. मग सेतूवरून परत कोण आलं?

बुवांना सुचलं नव्हतं. रिवाज असा, की अडलेला सवाल एक वर्ष उभा राहतो. पुढच्या मंडईतही जवाब चुकला, तर फेट्यावरचा जरीचा तुरा सोडून समोरच्याच्या हातात द्यायचा. जिंकणाऱ्यानं तो त्यानंतरच्या वर्षीच्या मंडईत डोक्यावर मिरवत गावातून फिरायचं. बुवांचा तुरा त्यांच्या गुरूचा होता. तो कधीच कुणाच्या हातात गेला नव्हता.

मी जाईन तेव्हा विचारायचो, "सुचलं का?" ते म्हणायचे, "पाऊस येते का आज?" आणि मग नवरात्रात एका सकाळी त्यांनी स्वतःहून मशीनकडे बोट दाखवलं. "लावा."

डफ नव्हता, मांडीवरच ठेका धरून ते गायले. सेतूवरून परत आली खार. जाताना तिनं अंगाला चिकटलेली वाळू वाहिली, देवानं पाठीवरून हात फिरवला. पण विमान सुटताना तिला हाक मारायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. आली बिचारी चालत. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं, म्हणून सेतू कुणी मोडला नाही, ती अजून वाटेत आहे.

मी मांडीवर थाप मारली. "बुवा, तुरा वाचला."

"मंडई होईपर्यंत छापू नका," ते म्हणाले. पण हसत होते. वर्षभर डोक्यावर ठेवलेलं ओझं उतरल्यासारखे खांदे सैल झाले होते.

दिवाळीच्या तोंडावर तात्यांचा मुलगा बोरगावला आला. तात्यांची बायको उन्हाळ्यात वारली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. तेव्हापासून तात्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, हे त्यानं सांगितलं. "जेवत नाही, बोलत नाही. डॉक्टर म्हणते, बिमारी काहीच नाही. कोनी आलं का एकच इचारते, बोरगाववाल्याले जवाब सुचला का."

बुवांनी सदरा बदलला आणि आम्ही तिघंही बसनं लोधीखेड्याला गेलो.

तात्यांनी मान वळवली. "सुचलं का बे?"

"सुचलं असतं त इथं आलो असतो का?" बुवा म्हणाले. "मंडईत देतो."

"मी नाही येत. कोनासाठी येऊ?"

"मग मी भिंतीले जवाब देऊ? तुह्यासारखा?"

तात्या कोपरावर रेलून उठले. मग मुलाला म्हणाले, "याले चहा दे. साखर कमी टाक, मस्ती लय आहे."

मंडईला तात्या आले. बैलगाडीत गादी टाकून, दोघांच्या आधारानं, पण फेट्यावर कलगी लावून. उभे राहिले, आणि उभे राहिल्यावर आधार सोडला. सगळी मंडई गोळा झाली. त्यांनी तोच सवाल पुन्हा टाकला. आवाज बारीक झाला होता, पण पोचला.

बुवांनी डफ कानाशी नेला. मी पुढच्या रांगेत खारीची वाट बघत उभा. बुवा गायले, सेतूवरून परत आली बिभीषणाची फौज.

तात्या लगेच कडाडले, "बिभीषन लंकेचा राजा झाला. तो आपली फौज इकडं कायले धाडते? संत्री तोडाले?"

मंडई हसून लोळली. बुवांनी मान खाली घातली, गुरूचा तुरा सोडला आणि तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी कलगीशेजारी तो खोवला. मग मुलाला भजी आणायला पाठवलं, आणि मिरचीचंही एक सांग म्हणाले.

परतताना मी चिडलो होतो. "उत्तर येत होतं तुम्हाला. टेपवर आहे माझ्याकडे."

बुवा बैलबंडीच्या चाकोरीतून चालत होते. "सर, मी बराबर सांगतलं असतं त तात्या घरी जाऊन काय करनार होते?"

मी सदरात ती मुलाखत छापली, खार सोडून. गावात काही दिवस लोक बुवांना बिभीषण म्हणत. ते ऐकून घेत.

पुढच्या मंडईला तात्या आपल्या पायांनी आले. डोक्यावर कलगी आणि तुरा दोन्ही, वरातीतल्या घोड्यासारखे गावभर मिरवले, आणि बुवांना दिसेल तिथं थांबून चिडवत राहिले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा बोरगावला आला, तेव्हा मी बागेतच होतो. त्यानं पिशवीतून तुरा काढून बुवांसमोर धरला.

"बाबानं सांगून ठेवलं होतं, हा तुमाले द्या म्हून. म्हने, त्याले जवाब येत होता."

बुवांच्या हातातलं कलम तसंच राहिलं. "कोनं सांगतलं त्याले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही कानांना हात लावले.

"कोनीच नाही," मुलगा म्हणाला. "बाबा म्हने, ज्याले खरंच येत नाही, त्याचा हात डफावर अडखळते. तुमचा नाही अडखळला."

"मग तुरा घेतला कायले?"

"म्हने, नाही घेतला असता त पुढच्या मंडईले जायचं निमित्त काय होतं?"

बुवा बांधावर बसले. दोरी बोटाला गुंडाळली, सोडवली. मग उठून तुरा घेतला, जरीवरची धूळ फुंकली, आणि त्या मुलाच्याच सदऱ्याच्या खिशात खोचला.

"तुह्यापाशीच राहू दे. मंडईले बांधून ये. मी समोर उभा राहतो."

मुलगा घाबरला. "काका, मले गाता नाही येत."

"तुह्या बापाले तरी कुठं येत होतं," बुवा म्हणाले, आणि डोळे पुसून पुढच्या झाडाकडे वळले.