बर्फावरची फळी

नव्वदच्या आसपास मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्रॉइंगं काढायचे. मालक उल्हासनगरचे सिंधी शेठ. आमच्याकडे टाक्या, जिने, गेटं व्हायची. एके दिवशी ट्रकमधून एक गंजकं धूड उतरलं आणि शेठ म्हणाले, "बेटा, याचं ड्रॉइंग काढ. सेम टू सेम नवीन बनवायचं आहे."

"पण हे आहे काय?"

"बर्फावरचा रस्ता सपाट करतात याने. हिमाचलची पार्टी आहे, हॉटेलवाली. त्यांची पट्ट्यांवर चालणारी जुनी गाडी आहे, रणगाड्यासारखी. ती हे मागे ओढते."

मी बर्फ पाहिलेला तो फक्त मासळीच्या टोपलीतला. धुडाच्या पोटात तिरकी पाती होती, एक डावीकडे कललेलं, पुढचं उजवीकडे. म्हणजे पहिल्याने सारलेलं दुसरं परत आणणार. मागे जाड पत्रा, त्याच्या कडेला बारीक दात. टेप घेऊन मी दोन दिवस त्याच्याभोवती फिरले. मापं मिळाली, अर्थ लागेना.

आमचे वेल्डर काका जांभूळ गावचे, घरी भातशेती. ते उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, "ही तर फळी हाय. लावणीच्या आधी चिखलावर बैलांमागं फिरवतो ना, तशी. उंचवटा खड्ड्यात जातो."

"मग दात कशाला?"

"त्ये मला नाय ठाव."

मागच्या पत्र्याचा एक कोपरा वर वळला होता. दगडावर आपटला असणार, यावर आमचं एकमत झालं. मी ड्रॉइंगमध्ये तो सरळ काढला. काकांनी नवीन फळी सरळ केलीच, शिवाय जुनीचाही कोपरा गरम करून, ठोकून नीट बसवला. तेवढंच गिऱ्हाइकाला बरं वाटेल म्हणून.

शेठना चाचणी हवी होती. त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून चुरा मागवला, आवारात पसरला आणि टेम्पोमागे फळी बांधली. दुसरी फेरी होईस्तोवर नुसता लाल चिखल उरला. काका म्हणाले, "चिखलात तर चालती." आम्हाला एवढंच कळलं.

मग माल न्यायला त्या बर्फगाडीचा ड्रायव्हर आला. त्याने दोन्ही फळ्यांच्या पत्र्यांवरून हात फिरवला.

"कोना किधर गया?"

"मुडा हुआ था, सीधा कर दिया," मी म्हटलं.

तो खाली बसला. "पत्थर पे लगा था, मॅडम. लेकिन उसके बाद ही ठीक चलने लगी."

"क्यों?"

"पता नहीं."

काका म्हणजे आयुष्यभर वाकडं सरळ करत आलेला माणूस. आता त्यांना चांगला पत्रा मुद्दाम वाकवायचा होता, आणि किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ड्रायव्हरने हवेत तळहात धरला. "इतना था." मी त्याच्या हाताखाली कोनमापक धरून आकडा लिहिला. खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर हात वेगळ्याच कोनात आला. शेवटी काकांनी एका फळीचा कोपरा पहिल्या आकड्यावर वळवला, दुसरीचा दुसऱ्यावर. ड्रायव्हर दोन्हींकडे पाहत राहिला. कुठला बरोबर, ते त्यालाही सांगता येईना. दोन्ही ट्रकमध्ये चढवून तो गेला.

हिवाळा सरल्यावर हिमाचलहून पाकीट आलं. फोटोत पांढरा उतार, त्यावर विंचरल्यासारख्या बारीक रेघा. दातांचं काम तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. चिठ्ठीत लिहिलं होतं की एक मशीन फार छान चालतं, दुसरं शेडमध्ये ठेवलंय. कुठलं छान, ते लिहिलंच नव्हतं.

मी पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी बदलापूरला गेले आणि ती नोकरी सुटली.