चौदा नंबरची हाक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, जिच्यापाशी मी सासूबद्दलचंही सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — आणि डोंबिवलीत अनोळखी माणूस मिळणं तसं कठीणच.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे उगाच गैरसमज नको. मी दुःखी बाई नाही. माझं छान चाललंय. बावन्न वय, गुडघे शाबूत, नवरा रविवारचा स्वयंपाक स्वतः करतो. गेली पंधरा वर्षं मी बायकांना जंगलात नेते. मुरबाडच्या पुढे एक धबधबा आहे, तिथे तर दरवर्षी. नाव नाही सांगत, सांगितलं तर पुढच्याच रविवारी तिथे वडापावची गाडी लागेल. गावातून अर्ध्या तासाची चढण, दाट रान, मोबाइलला रेंज नाही. अशा ठिकाणी बायकांना न्यायचं आणि एकूण एक सुखरूप परत आणायच्या, यात माझं नाव आहे. ठाण्याच्या बायकांच्या सासवासुद्धा म्हणतात म्हणे, वंदनाबरोबर जातेस ना, मग जा.

आणि ते नाव खोटं नाही हो. मी खरंच काळजी घेते. धारेखाली कुणालाही उभं राहू देत नाही, वरून दगड येतात. डोहात कमरेच्या वर जायचं नाही, तेही दोर धरूनच. पाणी गढूळ दिसलं, पाला वाहून यायला लागला, की डोक्यावर कितीही लख्ख ऊन असो — काठ सोडायचा, कारण वर डोंगरात पाऊस झालेला असतो. प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, वाटेवर एका जागी बसायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं.

आणि नंबर. सकाळी कल्याणच्या एसटी स्टँडवरच प्रत्येकीला नंबर मिळतो. कुठूनही निघताना ओळीने आपापला नंबर मोठ्याने म्हणायचा. नावाने हजेरी मी मुद्दाम ठेवली नाही. नावं घेतली की बायका मैत्रिणीच्या वतीने ‘आहे, आहे’ करतात. नंबर मात्र जिचा तिनेच म्हणायचा, दुसरीने म्हटला तर तिला पुढच्या खेपेला नेणार नाही. हा नियम माझा.

इथेच माझं घोडं पेंड खातं. अकरा वर्षं खातंय.

शैलाताई ठाकुर्लीला राहतात. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या, यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा-सून जपायचे, जरा जास्तच जपायचे. माझ्याबरोबर रविवारी बाहेर पडणं ही एकच गोष्ट त्यांनी हट्टाने मिळवली होती. त्यांच्या आईला म्हातारपणी काहीच आठवेनासं झालं होतं, पोटच्या मुलीला ती ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारायची. शैलाताईंना जगात भीती होती ती त्या एकाच गोष्टीची. हे त्यांनी मला एसटीत शेजारी बसून सांगितलं होतं. मला ते माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी आम्ही बावीसजणी होतो. भाद्रपद संपत आलेला, पाणी नितळ, ऊन कोवळं. शैलाताईंचा नंबर चौदा. दोर धरून डोहात बसल्या आणि इतक्या हसल्या की मला बरं वाटलं. दोन वाजता मी सगळ्यांना बाहेर काढलं. मी ओला दोर गुंडाळत होते, तेव्हा त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, मी त्या मोठ्या खडकामागे कपडे बदलून येते, थांब हं. मी हो म्हटलं. म्हटलं ना? म्हटलं. मला स्पष्ट आठवतं, कारण मी मान वर न करता म्हटलं होतं.

मग आम्ही वरच्या वळणावर जमलो, तिथे धबधब्याचा आवाज जरा कमी होतो. नंबर सुरू झाले. तेरा आला. मग काही नाही. गावातून दोन जीपा गाठायच्या होत्या, पुढे मुरबाडहून एसटी, आणि उशीर झालेला. मला वाटलं, शैलाताई असतील मागेच, बुटाची नाडी बांधत. खडकाचं मी साफ विसरले होते. मी सगळ्यांच्या मागे उभी, डोकं दोराच्या पिशवीत — आणि त्या पिशवीतच तोंड घालून मी म्हणाले, चौदा.

पंधरा आला. सोळा आला. बावीसपर्यंत सगळं सुरळीत. आम्ही उतरलो.

गावात जीपांमध्ये बसताना एक जागा रिकामी राहिली. दोघींना घेऊन मी धावत परत चढले. अर्ध्या वाटेवर शैलाताई भेटल्या, गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका ठाकर बाईबरोबर. ती बाई सांगत होती की या वाटेवरच बसून शिट्टी फुंकत होत्या, जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे सगळे नियम पाळले होते ते त्यांनीच.

खाली आलो तर बायकांचा एकच गिल्ला. अहो ताई, चौदा म्हणून मग गेलात कुठे? आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना! शैलाताई शांतपणे म्हणाल्या की मी नंबर म्हटलाच नाही, मी खडकामागे होते, वंदनाला सांगून गेले होते. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काय अवघड होतं हो खरं बोलणं? चारच शब्द लागले असते. पण एकवीस बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि माझं ते नाव —

“नाही हो ताई,” मी म्हणाले. “मला काही नाही सांगितलंत. आणि चौदा तुम्हीच म्हणालात. विसरलात तुम्ही.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या अशा. मऊ आवाजात, खांद्यावर हात ठेवून.

त्यांनी वाद घातला असता तर? कदाचित मी कबूल केलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ती आईची भीती आली. मी ती येताना पाहिली. “असेल,” त्या म्हणाल्या. “हल्ली होतं बहुतेक तसं.” त्याआधी त्यांना कधीही तसं झालेलं नव्हतं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं नीट निघालं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. मुलाने रविवार बंद केला, त्यांनी हट्ट केला नाही. आता गॅस बंद केला की त्या वहीत लिहितात. चावी कुठे ठेवली ते लिहितात. स्मरणशक्ती म्हणाल तर माझ्या लेकीचा बारावीचा टक्का त्यांना अपूर्णांकासकट पाठ आहे, मला नाही.

आणि माझी झोप उडाली का? नाही. तेच तर सांगायला बसले आहे. मी आनंदात राहिले. नंबराची पद्धत इतरांनीही माझ्याकडून उचलली. पोरींना शिकवताना मी तो प्रसंगही सांगते, नाव न घेता — एक आजी नंबर देऊनही भरकटल्या, म्हणून सावध राहा. गेल्या वर्षीसुद्धा सांगितला.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. गॅलरीत बसलो, त्यांनी गरम पुरणपोळी वाढली, वर तूप. म्हणाल्या, बहात्तर पूर्ण झाली, मुलगाही हो म्हणालाय, एकदा मला तिथे नेशील का गं? पाण्यात नाही जाणार, नुसती बसेन. पायवाट आता बरी आहे. दोन बायका हाताला धरायला दिल्या असत्या तर त्या सहज चढल्या असत्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो खडक आला. तिथे उभ्या राहून त्यांना सगळं जसंच्या तसं आठवलं तर?

“नको ताई,” मी म्हणाले. “निसरडं असतं. मी जबाबदारी नाही घेऊ शकत.”

“खरंय,” त्या म्हणाल्या. “तू आहेस म्हणून बरं. तुला माझी काळजी आहे.”

मी मान हलवली आणि दुसरी पोळी घेतली.