भिंतीवरची मार्था

"मार्थाबाई प्रार्थनेत कशा तल्लीन झाल्या आहेत पाहा! शेजारणीचा हातही प्रेमाने धरला आहे," आमच्या बाप्टिस्ट चर्चच्या भिंतीवर माझ्या दिवंगत पत्नीचा फोटो लावताना पाळकसाहेब म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या. मला मात्र गुळगुळीत स्तुतीचा संशय येतो, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. माणूस गेल्यावर त्याचे काम पुसून त्याला संत करणे फार सोयीचे असते.

"बाबा, चांगलंच बोलतायत ना? आईसाठी तरी गप्प बसा," मुलगी कुजबुजली.

आईसाठीच तर बोलतो आहे. एकही रविवार न चुकवणारी ही परिचारिका देवासमोरही कामावरच असे. तीच तिची भक्ती होती. पाळकसाहेब, फोटो नीट पाहा. तिची बोटे शेजारणीच्या नाडीवर आहेत, आणि उघडे डोळे स्वतःच्या घड्याळातल्या सेकंदकाट्यावर.