सरांचं हार्कन

केळीच्या शेडमध्ये हात दिवसभर हौदात, तोंड मात्र मोकळं. मग किस्से साचणार नाहीत तर काय! निम्मे तर चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. हे सरांचे आहेत, म्हणून सांगते.

मी चौथी पास. माहेर साक्रीकडचं, सासर रावेरचं. शेडमधल्या बाया मला अक्का म्हणतात आणि जरा दबकून असतात. असू देत.

*

सर म्हणजे आमचे सुपरवायझर. हायस्कूलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. पहिल्याच दिवशी हौदाशी उभे राहून ओरडले, "हार्कन!"

आम्हाला वाटलं, साप निघाला! माझ्या शेजारी फण्या कापणारी शबाना तर चाकू टाकून मागे पळाली.

सर म्हणाले, "जुनं क्रियापद आहे. कान देऊन ऐका आणि ऐकलं तसं वागा, असा अर्थ. आता इंग्रजसुद्धा वापरत नाहीत."

मी म्हटलं, "त्यांनी टाकून दिलेलं आमच्या गळ्यात कशाला?"

*

पण बायांनी शब्द उचलला. "माझी सून हार्कन करत नाही." "गॅसवाल्याला तीनदा फोन केला, हार्कनच नाही!"

माझा भाऊ साक्रीहून आला होता. खाटेवर लोळत पडलेला. मी म्हटलं, "ऊठ, टाकीत पाणी चढव. हार्कन!"

"म्हणजे काय?"

"ऐकायचं आणि तसं करायचं."

"बठ्ठं समजनं," सगळं कळल्यासारखं म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला!

सरांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "ते नुसतं लिसन झालं, अक्का. हार्कनमध्ये माणूस उठतो."

*

हसणं इथं संपलं.

शबाना बाळंत होऊन कामावर परत आली. नवरा ट्रॅक्टरवरून पडून पायाला प्लास्टर लावून घरात. घर तिच्या एकटीच्या हातावर. तिची सासू बाळाला घेऊन शेडबाहेरच्या झाडाखाली बसायची. बाळ रडलं की शबाना पाजायला जायची.

आता आमचं काम असं, की घडाच्या फण्या कापल्या की चीक गळतो. त्या लगेच हौदात पडून पुढे सरकायला हव्यात. मधली बाई उठली की माल अडतो, चिकाचे डाग पडतात, आणि डागाळलेला माल बाहेरचा व्यापारी घेत नाही. म्हणून शेडच्या मालकानं, शेठनं, नियम काढला. ट्रक भरेपर्यंत लाईन सोडायची नाही.

"सर, तुमच्या भाषेत सांगा यांना," शेठ म्हणाला.

"हार्कन," सर म्हणाले. आवाज इतका बारीक, की हौदाचा नळ जास्त ऐकू येत होता.

बाहेर बाळ रडत होतं. शबानाचा कुर्ता पुढून भिजला. ते हौदाचं पाणी नव्हतं.

मी तोंड उघडलं तशी ती पुटपुटली, "चुप अक्का, मेरा काम जाएगा."

शेठला ऐकू गेलंच. म्हणाला, "उद्यापासून ते पोर इथं दिसलं, तर ही दिसणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी सासूला आम्ही शेडच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या थप्पीआड बसवलं. शेठ आत आला आणि नेमकं बाळानं तोंड उघडलं.

मी खोकले. जोरात. माझं बघून बाकीच्या खोकल्या. सगळी शेड खोकायला लागली!

"सगळ्यांना एकदम खोकला?"

सर पुढे झाले. "हौदातली तुरटी, शेठ. घशात जाते."

बोलताना त्यांचे कान लालभडक झाले होते. खोटं बोलायची सवय नव्हती त्या माणसाला!

*

शेठ काय खुळा नव्हता. जाताना सरांना बाजूला घेऊन म्हणाला, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "बाई उठली तर बाई जाईल. तुम्ही उठू दिलंत तर तुम्ही पण."

दुपारी सर डबा न उघडताच बसले. मी विचारलं, "सर, कुणाचं हार्कन करायचं, ते सांगत नाही का तुमचा शब्द?"

"नाही सांगत," सर म्हणाले. "शब्द फक्त करा म्हणतो. कुणाचं, ते ज्याचं त्यानं बघायचं."

मी म्हटलं, "मग कुचकामी आहे!"

सरांनी डबा तसाच पिशवीत टाकला.

*

परवा ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. शेठ हौदाच्या टोकाला हात मागे बांधून उभा. आणि खोक्यांमागून बाळ असं किंचाळायला लागलं, की खोकून भागणार नव्हतं.

शेठनं मान वळवून खोक्यांकडे बघितलं. मग शबानाकडे.

"कुणी हलायचं नाही," म्हणाला.

शबानाचा चाकू फणीवरच अडकला होता. मी शिवी हासडायला श्वास घेतला, तेवढ्यात सर आले. बाह्या वर सारल्या. तिच्या हातातला चाकू काढून घेतला.

"जा."

ती हलेना.

"जा म्हटलं ना, शबाना!"

ती पळाली. सरांनी फणी उलटी धरून कापली. चिकाची धार थेट शर्टावर. तो डाग जन्मात जात नाही.

शेठचा आवाज चढला. "सर! मी काय सांगितलं होतं?"

सरांनी वर बघितलंसुद्धा नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात. म्हणाले, "शेठ, जरा बाजूला व्हा. तुमच्यामुळं माल अडलाय."

आणि शेठ बाजूला झाला!